काटेसाहेब ब्रेक बदलतात

वजनमापे खात्यातल्या त्या निरीक्षकांना सगळे काटेसाहेब म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं. तराजूचा काटा आणि पायात मोडतो तो काटा, या दोन्हींचे गुण एकाच माणसात सापडल्यामुळे खात्यातल्या कुणा गुणग्राहकाने हे नाव पाडलं होतं. साहेबांना त्यातला पहिला अर्थ ठाऊक होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दुसरा त्यांच्या बायकोला ठाऊक होता.

जगाविषयी साहेबांचं मत वाईट होतं, आणि ते पुराव्यानिशी वाईट होतं. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू, दूधवाल्यांची मापं आणि पेट्रोल पंपांचे मीटर तपासले होते, आणि माणूस नावाचा प्राणी किलोमागे सरासरी वीस ग्रॅम खोटा असतो या निष्कर्षाला ते आले होते. या हिशेबातून त्यांनी स्वतःला वगळलं होतं. तपासणाऱ्याने स्वतःला तपासायचं नसतं, असा खात्याचा नियमच आहे.

अशा माणसाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी चोवीस वर्षांची जुनी स्पोर्ट्स कूपे का घ्यावी, हे कुणालाच कळलं नाही. एका दंतवैद्याची होती. दोन दारं, लांब नाक, जमिनीपासून वीतभर उंची. मागची सीट होती, पण ती कागदोपत्री. तिथे फार तर एखादी छत्री आडवी बसे. गाडीत शिरताना आधी पाय, मग कंबर आणि शेवटी प्रतिष्ठा आत घ्यावी लागे. उतरताना क्रम उलटा, आणि कंबर बऱ्याचदा मागेच राही. पण साहेब तिच्यात बसले की त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव येई, की आजूबाजूच्या सगळ्या गाड्या या भाजीच्या टोपल्या आहेत आणि त्यांना चाकं कुणीतरी गमतीने लावली आहेत.

या सुखात बिब्बा घातला तो साडूने. साडू विम्याचं काम करायचा आणि अपघात या विषयावर आपुलकीने बोलायचा. एका रविवारी साहेबांनी त्याला गाडीतून फिरवायला नेलं, म्हणजे खरं तर जळवायला नेलं. चढावर गाडी सुरेख पळाली. उतारावर मात्र साहेबांनी ब्रेक दाबला तेव्हा गाडीने तो ऐकला, त्यावर थोडा विचार केला आणि मग पादचाऱ्यांच्या पट्ट्यावरून आठ फूट पुढे जाऊन ती थांबली. रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी हातातल्या काठीने बॉनेटवर दोनदा ठोकलं, जसं आपण नारळ पिकलाय का ते बघतो. घरी येऊन, दोन्ही बहिणींच्या समोर, चहाचा कप खाली ठेवून साडू म्हणाला, "गाडी छान आहे. फक्त थांबायचं तिच्या मनात यावं लागतं."

साहेबांची बायको हसली. ती हसली नसती तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं.

साडूची गाडी नवी, उंच, खोक्यासारखी. समोर काही आडवं आलं की आपण होऊन ब्रेक लावणारी. मालकाला न विचारता जी थांबते तिला गाडी म्हणत नाहीत, सासू म्हणतात, असं साहेबांचं मत होतं. पण मत असून काय करता? सोमवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं की आपण गाडीचे ब्रेक बदलणार. नुसते नवे नाहीत. मोठ्या डिस्क, आणि त्या डिस्कला दोन्ही अंगांनी चिमट्यात धरणारे चार पिस्टनचे कॅलिपर. शर्यतीच्या गाड्यांना असतात तसले. बायकोने विचारलं, आहेत तेच दुरुस्त करून नाही का चालणार? साहेबांनी तिच्याकडे, वजनाच्या जागी दगड वापरणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं बघितलं.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहत. त्यांनी छत्तीस वर्षं मालगाड्या चालवल्या होत्या आणि वेगाने जाणारी कुठलीही गोष्ट ही आपल्या अखत्यारीतली आहे असं ते धरून चालत. ते खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले की ब्रेक एक किलोमीटर आधी लावावा, म्हणजे कसलाच त्रास होत नाही. साहेबांनी त्यांना समजावलं की आपल्या घरापासून पहिला सिग्नल दोनशे मीटरवर आहे. "मग घरातूनच लावून निघा," असं सांगून ते वर गेले. साहेबांना त्यांची कीव आली. काही माणसं रुळावरून उतरली तरी रूळ त्यांच्यातून उतरत नाहीत, असं त्यांनी बायकोला ऐकवलं. तिला त्यात खोट काढण्यासारखं काही दिसलं नाही, पण कौतुकासारखंही काही दिसलं नाही.

मेकॅनिकची निवड साहेबांनी फार पारखून केली. गॅरेजवाले पाठीमागे काय करतात याचा भरवसा नाही, म्हणून काम आपल्या डोळ्यांदेखत, इमारतीच्या पार्किंगमध्येच व्हायला हवं अशी त्यांची अट होती. ती एकानेच मान्य केली. हा माणूस दिवसाला पाच-सहा शब्द बोलायचा आणि त्यातले चार "बसेल" किंवा "बसणार नाही" यांपैकी असायचे. मोठी डिस्क आताच्या चाकात मावेल का, हे बघण्यासाठी तो माप घ्यायला वाकला, तेव्हा साहेबांनी त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली. ती प्लास्टिकची होती आणि तिच्यावर एका औषध कंपनीची जाहिरात होती. असल्या पट्टीने माप घेणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. त्यांनी घरातून स्वतःचा व्हर्नियर कॅलिपर आणि पोलादी मोजपट्टी आणली, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मापं घेतली, वहीत लिहिली, खाली सही केली आणि तारीख घातली. मापं अचूक होती. ती नंतर तिघांनी तपासली आणि तिघांनीही ती अचूक असल्याचं सांगितलं.

फक्त ती स्टेपनीची होती.

झालं असं, की गाडीखाली वाकायचं तर पँट मळली असती. डिकीत पाचवं चाक आडवं पडलेलंच होतं, उभ्याने मापता येत होतं. चाक ते चाक. पण दंतवैद्याने, लोकांच्या तोंडात काय काय बसवून सवय झाल्यामुळे असेल, कुठल्याशा दुसऱ्याच मोठ्या गाडीचं चाक स्टेपनी म्हणून ठेवलं होतं. सहा आठवड्यांनी डिस्क आणि कॅलिपर आले. लाल रंगाचे, देखणे. मेकॅनिकने ते लावले, वरून चाक चढवलं, चाक अडलं. त्याने ते काढलं, फिरवून पुन्हा चढवलं, पुन्हा अडलं.

"बसणार नाही," तो म्हणाला.

साहेबांनी वही पुढे केली. मेकॅनिकने वहीतले आकडे वाचले, चाकाकडे बघितलं, मग डिकीकडे बघितलं. त्याने एक शब्दही काढला नाही, आणि माणसाच्या गप्प बसण्यातही किती उद्धटपणा मावू शकतो हे साहेबांना त्या दिवशी कळलं.

आता मोठी चाकं आली. म्हणजे मागवली, यायला महिना लागणार होता. जुनी बसत नव्हती, नवी नव्हती, त्यामुळे गाडी चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी राहिली. चौथ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींची नोटीस दारावर लागली. त्यांचं म्हणणं असं, की नियमावलीनुसार पार्किंगची जागा वाहनासाठी आहे. ज्याला चाकं नाहीत ते वाहन नव्हे, ते सामान. आणि सामान पार्किंगमध्ये ठेवायला मनाई आहे. साहेबांनी दोन पानी उत्तर दिलं, त्यात वाहनाची व्याख्या दिली. सेक्रेटरींनी तीन पानी उत्तर दिलं, त्यात सामानाची दिली. पत्रव्यवहार रंगात आला असतानाच चाकं आली आणि दोघांचाही हिरमोड झाला.

चाकं बसली. पण वळण घेताना टायर मडगार्डला घासायला लागले. डावीकडे वळलं तर कुरकुर, उजवीकडे वळलं तर किंकाळी. मेकॅनिकने हातोड्याने मडगार्डच्या कडा आतून वळवल्या, आणि त्या दोन दुपारी वरचे इंजिन ड्रायव्हर खुर्ची टाकून गॅलरीत बसून होते. एवढा समाधानाचा आवाज त्यांनी निवृत्तीनंतर ऐकला नव्हता.

गाडी तयार झाली. आणि मग कुणीतरी, म्हणजे साडूनेच, फोनवर सहज विचारलं की एवढा बदल केलाय तर वाहन कार्यालयाची मंजुरी घेतली असेलच ना. नाहीतर विमा चालत नाही.

वाहन कार्यालयात खिडकीवर एक बाई होत्या. त्यांच्या अर्जात "बदलाचे कारण" असा रकाना होता. साहेबांनी लिहिलं, "ब्रेक अधिक चांगले व्हावेत म्हणून." बाईंनी शांतपणे विचारलं की आधीचे ब्रेक चांगले नव्हते का. नव्हते म्हणावं, तर आठ महिने सदोष वाहन रस्त्यावर चालवल्याची ती लेखी कबुली. होते म्हणावं, तर चांगली वस्तू बदलायला अर्जात जागाच नव्हती. साहेब स्वतः तीस वर्षं लोकांना असेच प्रश्न विचारत आले होते. समोरून ते असे दिसतात याची त्यांना कल्पना नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं, "पूर्वीचे ब्रेक समाधानकारक, परंतु अर्जदार असमाधानी." बाईंनी ते वाचलं, शिक्का मारला आणि सांगितलं की आता चाचणी, आणि चाचणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवायची नाही.

म्हणजे चाचणीला न्यायची ती उचलून. क्रेनने गाडी मागच्या चाकांवर झुलत इमारतीतून निघाली तेव्हा साहेब क्रेनच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी ताठ बसले होते आणि मागे वळून न बघण्याचा त्यांनी निश्चय केला होता. सेक्रेटरी फाटक उघडून धरायला आपण होऊन आले. इंजिन ड्रायव्हरांनी गॅलरीतून हिरवा रुमाल दाखवला.

वाहन कार्यालयाच्या मागे मोठं आवार होतं, आणि त्यात एक लांब सरळ पट्टा. ताशी पन्नासच्या वेगाने यायचं, पांढऱ्या रेषेवर ब्रेक दाबायचा, आणि गाडी सोळा मीटरच्या आत थांबली पाहिजे. चाचणी अधिकारी शेजारी बसला. साहेब आले, रेषा आली, साहेबांनी पाय रोवला. गाडी थांबली. अधिकारी खाली उतरला, खिशातून टेपची गुंडाळी काढली आणि मोजलं.

"पंधरा पंच्याण्णव," तो म्हणाला. "झालं. पास." आणि सही करायला त्याने कागद बॉनेटवर ठेवला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. दुसऱ्या कुणाचीही संपली असती. पण साहेबांची नजर टेपवर गेली. कापडी टेप. मळकी, कडेला दोरे सुटलेली. आणि तिच्या पितळी टोकावर वजनमापे खात्याचा जो पडताळणीचा शिक्का असतो, त्याची मुदत चार वर्षांपूर्वी संपलेली.

साहेबांनी न बघण्याचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते आकाशाकडे बघत राहिले. आपल्या लाल कॅलिपरकडे बघत राहिले. पेन कागदावर टेकलं, सहीचं पहिलं अक्षर उमटलं, आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ही टेप कायद्याने बाद आहे."

अधिकाऱ्याने मान वर केली. त्याला वाटलं हा माणूस गंमत करतोय. मग त्याला वाटलं हा माणूस आजारी आहे. तो समजुतीने म्हणाला, "साहेब, तुम्ही पास झालात. तुमच्या बाजूने लागलंय."

"बाजूचा प्रश्न नाही. कापडी टेप ताणली जाते. हे माप खोटं असू शकतं."

"असू दे ना."

ते "असू दे ना" साहेबांना सहन झालं नाही. तीस वर्षं त्यांनी ज्याच्याविरुद्ध लढा दिला ते सगळं त्या तीन शब्दांत होतं. त्यांनी तिथल्या तिथे टेप जप्त केली, पावती फाडली आणि अधिकाऱ्याच्या हातात दिली. अधिकाऱ्याने अर्धी सही खोडली. गाडी निर्णय होईपर्यंत आवारात ठेवून घेतली. साहेब बसने घरी आले आणि बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मग ती आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ दार लावून बसली. ती रडत होती की हसत होती हे साहेबांना बाहेरून नक्की करता आलं नाही.

टेप तपासणीला साहेबांच्याच कार्यालयात, साहेबांच्याच टेबलावर आली. पण प्रकरणात त्यांचा स्वतःचा संबंध, म्हणून त्यांना ती हातात घेता येईना. नियमाप्रमाणे ती उपनिरीक्षकाकडे गेली. या उपनिरीक्षकाचा एक अहवाल साहेबांनी कधीकाळी समास कमी सोडला म्हणून अकरा वेळा परत पाठवला होता. तो अतिशय नम्र मुलगा होता. त्याने टेप एकदा थंडीत तपासली, एकदा उन्हात, एकदा ओली करून. साहेबांनी तिसऱ्या आठवड्यात त्याला हळूच विचारलं, तेव्हा तो म्हणाला की घाई केली तर आपल्यालाच आवडणार नाही. सहाव्या आठवड्यात निकाल लागला: टेप मीटरमागे एक सेंटिमीटर ताणलेली आहे.

पोलादी, नवी, ताज्या शिक्क्याची टेप आली. चाचणी पुन्हा झाली. साहेबांनी पाय पहिल्यासारखाच रोवला, गाडी पहिल्यासारखीच थांबली. सोळा मीटर अकरा सेंटिमीटर. नापास.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने चाकामागे बोट घालून बघितलं आणि त्या महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं: "नवे पॅड आहेत, डिस्कवर घासून बसायला लागतात, दोन-तीनशे वेळा ब्रेक दाबा, मग बघा." साहेबांनी विचारलं की हे आधी का नाही सांगितलं. तो म्हणाला की आपण कुठे विचारलंत.

आता पॅड बसवायला गाडी चालवायला हवी. गाडी चालवायला मंजुरी हवी. मंजुरीला पॅड बसायला हवेत. खिडकीवरच्या बाईंनी मात्र यातून वाट काढली. आवारात चालवणं म्हणजे रस्त्यावर चालवणं नव्हे. दुपारी एक ते दोन आवार रिकामं असतं. तेवढ्या वेळात हवे तेवढे ब्रेक दाबा. पण एक ते दोन साहेबांना कार्यालय सोडता येत नव्हतं, आणि त्यांच्या सगळ्या रजा या प्रकरणात संपल्या होत्या.

"मी चालवते," बायको म्हणाली.

ती लग्नाआधी सहा वर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची. चार टन पुस्तकं घेऊन खेडोपाडी जायची, चिखलातून, घाटातून. साहेबांच्या मते ते काही ड्रायव्हिंग नव्हे, ती हमाली. कूपेच्या स्टिअरिंगला तिने आजवर फक्त फडक्याने हात लावला होता. पण इलाज नव्हता. साहेबांनी तिला अठरा सूचना लिहून दिल्या. तिने त्या पर्समध्ये ठेवल्या आणि, ते पुढे साहेबांना कळलं, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती रोजचे ब्रेक मोजत होती, पाच-पाचच्या रेघोट्यांनी.

पहिल्या दिवशी ती घरी आली ती नेहमीसारखीच. तिसऱ्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर रंग होता. पाचव्या दिवशी तिच्या बोलण्यात खिडकीवरच्या बाईंचं पहिलं नाव आलं. दोघी जेवणाचे डबे एकत्र खात होत्या. कार्यालयातली मंडळी म्हणे खिडक्यांत येऊन उभी राहायची. साहेबांनी विचारलं की ब्रेक कसे लागतायत, तर ती म्हणायची, बरे लागतात. क्लच कसा आहे, तर बरा आहे. तिला या विषयातलं काही कळत नाही, अशी साहेबांची खात्री झाली. एका रात्री झोपेत तिचा उजवा पाय हळूच खाली दबल्याचं त्यांना जाणवलं, पण त्यावर त्यांनी फारसा विचार केला नाही.

तिसरी चाचणी एका बुधवारी होती. साहेब अर्धा दिवस बिनपगारी रजा घेऊन गेले. गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराशी पोचले तर आत बायको बसलेली. चाचणी अधिकाऱ्याने साहेबांकडे न बघताच सांगितलं की बाईंच्या पायाला ब्रेकची सवय झालीय, त्यांनाच करू दे. साहेबांना हे मान्य नव्हतं; पण अधिकाऱ्याच्या खिशात त्यांनी फाडलेली जप्तीची पावती अजून होती आणि ती डोकावत होती. ते बाजूला झाले.

गाडी निघाली, वेग घेतला, रेषेवर आली आणि थांबली. किंचाळली नाही, घसरली नाही, नाक टेकलं नाही. एखाद्या शहाण्या माणसाने बोलता बोलता थांबावं तशी थांबली. पोलादी टेप पसरली. चौदा मीटर तीस. साहेबांनी शिक्का तपासला, माप स्वतः पुन्हा घेतलं. चौदा तीस. अधिकाऱ्याने या वेळी सही इतक्या वेगाने केली की पेनाने कागद फाटला. खिडकीवरच्या बाई बाहेर येऊन बायकोला भेटल्या. साहेबांना कुणी भेटलं नाही.

परतीला ती उतरली नाही आणि साहेबांनीही उतर म्हटलं नाही. पायांपासून सुरुवात करून ते शेजारच्या सीटवर बसले. त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. तिथून रस्ता फार जवळ दिसत होता. चार महिन्यांनी गाडी आपल्या चाकांवर, कायदेशीरपणे, रस्त्याला लागली होती. बायको ती उतारावरून खाली आणत होती, काच उघडी होती, आणि ती काहीतरी गुणगुणत होती. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. तिने गाडी पट्ट्याच्या अलीकडे अलगद उभी केली.

साहेबांनी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि तीस वर्षांचं निरीक्षण असं एका दुपारी सुटत नाही. त्यांनी मान पुढे काढून बॉनेट आणि पट्टा यांच्यामधलं अंतर डोळ्यांनी मापलं.

"हातभर आधी दाबलास," ते म्हणाले. "इतकी घाई नको. आणि टाच जमिनीवर ठेवायची असते. सूचना क्रमांक सात."

तिचं गुणगुणणं बंद झालं. सिग्नल हिरवा झाला. ती निघाली, दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, गाडी चांगली पळायला लागली. मग बसथांब्यापाशी तिने आरसा बघितला, डावा दिवा लावला, आणि पाय ठेवला. गाडी थांबली ती साहेबांचं दार बरोबर थांब्याच्या खांबासमोर येईल अशी.

"उतरा," ती म्हणाली.

आवाज चढवलेला नव्हता. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, आणि तो विनोद नव्हता हे त्यांना कळलं. आधी प्रतिष्ठा, मग कंबर, मग पाय, असे ते बाहेर पडले. तिने हात लांब करून दार आतून ओढून घेतलं, आरशात मागचा रस्ता बघितला आणि गेली.

थांब्यावर तिघे उभे होते. तिघांनीही नम्रपणे दुसरीकडे बघितलं. साहेब पदपथाच्या कडेला उभे राहिले, हातात मंजुरीचा कागद, आणि लाल कॅलिपर चाकांतून चमकत लांब जाताना त्यांना दिसत होते. राग येत होता, खूप येत होता. पण पन्नासच्या वेगावरून, भर रहदारीत, कुणाला धक्का न बसता, मागच्या कुणाला हॉर्न वाजवावा न लागता, नेमकी खांबासमोर. ब्रेक उत्तम होते. यात मात्र त्यांना काही चूक काढता येईना.